जुळणी चालू आहे

चहाच्या वेळी उद्धवचे खापरपणजोबा पडद्यावरून खो-खो हसत होते. जुन्या नोंदी जुळल्या की यंत्र पूर्वजांना बोलतं करायचं. उद्धवच्या नऊ पिढ्या आठवड्यात जुळल्या होत्या. त्याच्या बायकोच्या, मृदुलाच्या, पोटात दुखायचं. तिची साधी आजीसुद्धा वर्षभरात जुळली नव्हती.

“तुमच्या घराण्यात दमच नसेल,” उद्धव म्हणाला.

तेवढ्यात, माहेरच्या नावानं उघडलेल्या तिच्या खात्यात प्रश्न उमटला : ‘आजी शेवंता, आई चंपा, अर्जदार कालिंदी. तिघींची नोंद लग्नाच्या दिवशी थांबते. तिघींना मयत धरायचं का?’

आजी-आईसारखंच तिचंही नाव लग्नात बदललं होतं. कालिंदीची मृदुला झाली होती.

“मृदुला, उद्धवला चहा दे गं,” खापरपणजोबांनी फर्मावलं.

कालिंदी जागची हलली नाही.