मोकळा कोपरा

"तोफेची कमजोर बाजू कोणती?" बाईंनी विचारलं.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नववीचा वर्ग भिंतीला टेकून बसला होता. उत्तर बऱ्याच जणींना ठाऊक होतं, पण सांगणार कोण? नेटपलीकडे रॅकेट फिरवत उभी असलेली तोफ ही खेळाच्या बाईंची सख्खी मुलगी. तिचा स्मॅश समोरचीच्या पायाशी असा आदळायचा, की तिचं खरं नाव आता हजेरीपुरतंच उरलं होतं.

"बरं, मीच सांगते." बाई कोर्टात शिरल्या आणि मुलीच्या डाव्या हाताला, पार मागच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "इथे. उंच उडवलेलं शटल इथे आलं, की हिला उलट्या हाताने मारावं लागतं, आणि उलट्या हातात हिच्या जोर नाही. म्हणून आधी पुढे, नेटजवळ उजवीकडे अलगद टाकायचं. ही धावत पुढे आली की मागे, इथे उडवायचं. कोर्टातलं सगळ्यात लांबचं अंतर आहे हे. मारत बसायचं नाही. पळवायचं."

तोफेचे कान लाल झाले. "आई!"

वर्ग खळखळून हसला.

"इथे आई नाही. बाई."

"मग बाई, हे घरी सांगायचं ना!"

"घरी सांगून माझं तोंड दुखलं. या कानाने ऐकतेस, त्या कानाने सोडतेस."

आंतरशालेय स्पर्धेत एकेरीला शाळेची एकच मुलगी उतरणार होती. आज जिंकेल ती, असं बाईंनीच जाहीर केलं होतं. त्यावर शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी चहा पिता पिता टोमणा मारला होता, "सामना कशाला? नाव तर घरीच ठरलं असेल." पण आत्ताचं हे सरांसाठी नव्हतं. दुसऱ्या शाळेच्या मुलीला हा कोपरा सापडायला कितीसा वेळ लागला असता? तिथे रडण्यापेक्षा इथे चिडलेली बरी.

नेटच्या अलीकडे, तोफेविरुद्ध नाव दिलेली एकटी मुंगी उभी होती. चणीने एवढीशी, काटक. जिंकलेली कुणी पाहिली नव्हती, पण शटल जमिनीला लागेपर्यंत तिने कधी आशाही सोडली नव्हती.

"बाई, खरंच तसं खेळू? चिडेल ती."

"चिडू दे," बाई कोर्टाबाहेर येत म्हणाल्या. "चिडली की आणखी जोरात मारेल, आणि बाहेर घालवेल."

झालंही तसंच. मुंगीने नेटजवळ अलगद टाकलं, तोफ पुढे धावली. मुंगीने मागे उडवलं, तोफ मागे धावली आणि तिची रॅकेट हवेतच फिरली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग तोफ दातओठ खाऊन स्मॅश हाणायची, तो रेषेबाहेर. अकराचा डाव होता. सात-दोन झाले तसा वर्गाला कंठ फुटला. "मुंगी! मुंगी!"

तोफ थांबली. बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी वाकून बांधत बसली. कुणाला वाटलं, रडतेय. बाईंना माहीत होतं, तिचं डोकं चाललंय.

उठली ती डावीकडे सरकूनच उभी राहिली. तिचा उजवा भाग उघडा पडला. मुंगीने तो पाहिला आणि लगेच तिकडे मारलं. तोफ तिथे आधीच पोचली होती. स्मॅश! पुन्हा तेच. पुन्हा स्मॅश.

बाईंच्या भुवया वर गेल्या. ती बाजू मोकळी राहिली नव्हती, मोकळी ठेवली होती. हे त्यांनी शिकवलं नव्हतं. ना शाळेत, ना घरी.

दहा-दहा. "आता पुढचा गुण घेईल ती जिंकली," बाई म्हणाल्या. हॉलमध्ये नुसता बुटांचा करकर आवाज. शटल या टोकाहून त्या टोकाला जात राहिलं, कुणीच सोडेना. तोफेने पुन्हा उजवीकडे जागा दाखवली. मुंगीने तिकडेच जोरात मारण्यासाठी रॅकेट उगारली, तोफ तिकडे झेपावली, आणि मुंगीने ऐन वेळी मनगट सैल सोडलं. शटल नेटच्या पट्टीला घासून पलीकडे टपकलं. तोफ उलटी वळून पोटावर आडवी पडली, तरी रॅकेट पोचली नाही.

"अकरा-दहा," बाई म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखाच निघाला, याचं त्यांना बरं वाटलं. मुलीकडे जायला त्यांनी कोर्टात पाऊल टाकलं, पण त्याआधीच तोफ उठली, गुडघे झटकले आणि नेटखालून वाकून थेट मुंगीसमोर येऊन उभी राहिली. मुंगी बिचकून मागे सरली.

"हळू टाकायच्या आधी तू खालचा ओठ चावतेस," तोफ धापा टाकत म्हणाली.

"काय?"

"ओठ. मला आत्ता शेवटी कळलं, नाहीतर पोचले असते. स्पर्धेत एखादी पोचेल. चल, पुन्हा टाक. चावलास की मी ओरडणार."

बाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली, पण वर्गातलं कुणी जागचं हललं नाही. तोफेने शटल उचलून मुंगीच्या हातात दिलं आणि मागे वळून पाहिलं.

"बाई, जरा बाजूला होता का? कोर्टात उभ्या आहात."

बाई बाजूला झाल्या आणि भिंतीलगत, दोन मुलींच्या मध्ये जागा करून मांडी घालून बसल्या.