फणसाला बांधलेलं सूत

"घरधन्याचं नाव घेऊ नको गो बाय. दर नावाला त्याच्या आयुष्यातला एक दीस गळतो." जात्यात नाचणीची मूठ सोडता सोडता आई म्हणाली होती. तेव्हा काशी नवी नवरी होती.

रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात गोरा डॉक्टर दर वर्षी विचारायचा, "नवऱ्याचं नाव?" काशी गप्प. "आठवत नाही हिला," कारकून सांगून टाकायचा. खरं कारण त्याला ठाऊक होतं. साहेबाला समजावत कोण बसणार? दार पुन्हा लागायचं. असं तपभर चाललं.

आवारात वड नव्हता. वटपौर्णिमेला ती लुगड्याचं सूत उसवून फणसाला गुंडाळायची. झाडं बांधते, म्हणून तिला अंधारकोठडीत घातलं. सुटली की पुढच्या वर्षी पुन्हा फणस, पुन्हा कोठडी.

मग इस्पितळाची पाहणी करायला गोपाळकृष्ण वकील आले. तिच्याशी बोलले आणि संतापले. "बाईमाणूस आहे की कोंबडी, अशी डालून ठेवायला?"

"धोंडूनं केलान. दीर माजा," काशी म्हणाली. "त्यानंच हितं आणून सोडलान. घरधनी मुंबैला गिरणीत. त्यांना कळू दिला नसंल, नायतर धावत आले असते."

वकिलांनी पगडी काढली, पुन्हा घातली. "बघू," एवढंच म्हणाले.

कोर्टात काशी पदर डोळ्यांवर ओढून उभी राहिली. जज्जांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तिनं ओठ मिटले.

"साहेब, कुठली बाई घेईल? आपल्या घरात घेतात?" वकील उसळले. "एवढ्यासाठी हिचं तारुण्य गजांआड गेलं."

जज्ज मिशीत हसले, मग गंभीर झाले. "बाईंना सोडा." ते धोंडूकडे वळले. "भावजयीला असं का डांबलंस?"

धोंडूनं हात जोडले. "मी नुसता पोचवायला आलो व्हतो, म्हाराज. अर्ज दादाचा. दुसरी बायको म्हणाली, सवत घरात नको. दादा हितंच हाय, इचारा."

काशीनं पदर मागं सारला. मागच्या बाकावर पिकल्या मिशांचा एक माणूस हिरव्या चुड्याच्या बाईआड सरकत होता. तिनं वकिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"सायेब," काशी म्हणाली, "मगाचा जबाब ऱ्हायला."

जात्यात मूठ सोडावी तसं तिनं शांतपणे म्हटलं, "रावजी."

मग म्हणाली, "रावजी. रावजी. रावजी," आणि थांबलीच नाही.