सहा वर्षांची मुदत

"मामा, तिथेच थांबा! पुढे येऊ नका," सुमन फाटकातूनच ओरडली.

कमलाकर स्वागताला दोन पावलं पुढे आले होते, ते मागे सरले. वय चौऱ्याऐंशी, अंगात कोट, गळ्यात टाय. दोन महिन्यांत त्यांच्याकडे आलेलं हे पहिलं माणूस. ग्लासगोमध्ये कोरोनाची टाळेबंदी सैल होऊन त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या बागेत बसायला परवानगी मिळाली होती. घरात पाऊल टाकायला अजून नव्हती. त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधलं अंतर टेपने मोजून ठेवलं होतं.

सुमनने पिशवीतून स्वतःचा थर्मास आणि कप काढला. "चहा माझा मी आणलाय. आता कामाचं बोलू."

काम सहीचं होतं. सुमन चर्चची खजिनदार, कमलाकर विश्वस्त. चाळीस माणसांच्या त्या मंडळीत मराठी बोलणारी ही दोघंच, आणि बँकेत सह्याही नेमक्या या दोघांच्याच चालत. मार्चपासून चर्चला कुलूप होतं. हॉलमधली नर्सरी बंद, वाढदिवस बंद, त्यामुळे भाडंही बंद. सरकारने अडचणीतल्या धंद्यांसाठी तातडीची कर्जयोजना काढली होती, ते कर्ज चर्चलाही मिळत होतं. सुमनने फॉर्म भरून आपली सही केली होती. कमलाकरांनी फोनवर दोनदा नाही म्हणून सांगितलं होतं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते आताही म्हणाले.

"अंथरूणच गेलंय, मामा. सप्टेंबरपर्यंत पैसे पुरतील. मग इमारत विकतील. तिथे फ्लॅट उभे राहतील आणि आपण दर रविवारी दोन बस बदलून दुसऱ्या कुठल्या तरी चर्चला."

कमलाकर खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "व्याज?"

"पहिलं वर्ष सरकार भरतंय. तोवर हप्तासुद्धा नाही."

"तारण काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? जामीन तरी कोण?"

"सरकार."

कमलाकर मोठ्याने हसले. "मी इथे घर घ्यायला निघालो तेव्हा तीन बँकांनी मला दारातूनच परत पाठवलं. पक्की नोकरी होती माझी! आणि आता देवाच्या घराला सरकार जामीन?"

"मग तेव्हाचं आता वसूल करा की."

ते पुन्हा हसले. पण हसू ओसरलं तसे ते आपल्या हाताच्या बोटांकडे बघत राहिले. "फेडायचं किती वर्षांत?"

"सहा."

"म्हणजे तेव्हा मी नव्वदचा." त्यांनी टायची गाठ उगाच नीट केली. "खरं सांगू, सुमन? आजवर माझ्याकडे कुणाचा एक पैसा राहिला नाही. आता सही करायची आणि मध्येच निघून जायचं, हे मला पटत नाही. लोक म्हणतील, म्हातारा कर्ज ठेवून गेला."

कर्ज चर्चच्या नावावर असतं, सही करणाऱ्याच्या नाही, हे सांगणारा कागद सुमनने मुद्दाम छापून आणला होता. पिशवीकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

"मग जाऊ नका," ती म्हणाली.

"काय?"

"सहा वर्षं थांबा. हप्ते संपू देत. मग बघू."

कमलाकरांनी कोटाच्या एका खिशातून चष्मा काढला आणि दुसऱ्यातून फोन.

"कुठे दाबायचं?"

"मी लिंक पाठवलीय ती उघडा. अगदी खाली हिरवं बटण आहे."

"खाली कुत्र्याच्या बिस्किटांची जाहिरात आहे."

"ते तुम्ही दुसरंच काहीतरी उघडलंत! दाबू नका, मामा, थांबा, मी बघते..." ती उठून पुढे झाली.

"दोन मीटर!" कमलाकरांनी हात वर केला. ती पुन्हा बसली.

बिस्किटं टाळून, पासवर्ड दोनदा चुकवून, हिरव्या बटणापर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. सुमनने छत्री उघडली. कमलाकर कोटाची कॉलर वर करून तसेच बसले.

"थँक यू म्हणतायत," त्यांनी वाचून दाखवलं.

"झालं की मग! आता उठा, भिजताय."

"बस गं जरा," ते म्हणाले. "तुझा चहा उरलाय अजून."

दुसऱ्याच दिवशी चर्चच्या खात्यात पैसे जमा झाले. इमारत विकण्याचा विषय मागे पडला.

पुढच्या एप्रिलमध्ये चर्च उघडलं. नर्सरीही परत आली. उपासना संपल्यावर सगळे मास्क लावून बाहेर पायऱ्यांवर रेंगाळत होते, तेव्हा सुमनने कमलाकरांना बाजूला बोलावलं. तिच्या हातात बँकेचं पत्र होतं.

"जूनपासून आपले हप्ते सुरू. हवं तर सहाऐवजी दहा वर्षांत फेडा म्हणतायत. मी नको म्हणून कळवते. हॉलचं बुकिंग डिसेंबरपर्यंत भरलंय, सहा वर्षांत आरामात फिटेल. उगाच जास्तीचं व्याज कशाला?"

कमलाकरांनी पत्र मागून घेतलं. चष्मा लावून दोनदा वाचलं.

"फिटेल गं," ते म्हणाले. "पण घाई काय आहे? दहा करून टाक."