गुरुजींचा पेपर

“गुरुजी, पडद्यावर काय आलं?” दयानंदने लातूरहून फोनवर विचारलं.

“सक्सेसफुल म्हणून राहिलंय,” औशात कॉम्प्युटरपुढे बसलेले किशनराव गुरुजी ठणकावून म्हणाले.

शेजारी त्यांच्या मुलीने, लताने, ब्रेल यंत्रावर बोटं फिरवली. एकही ठिपका वर आला नव्हता.

“न्हाई भाऊ, मुकंच हाय,” ती फोनकडे तोंड करून म्हणाली.

तीन दिवसांतला हा पाचवा फोन. कॉम्प्युटरवर आलेली अक्षरं या यंत्रावर ठिपके होऊन उमटायची होती. यंत्र पुण्याच्या एका संस्थेने वापरून बघायला दिलं होतं. शनिवारपर्यंत चालू झालं नाही, तर ते रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होतं. यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, कॉम्प्युटरमध्ये टाकताना पडदा वाचून दाखवणारं बोलकं सॉफ्टवेअर बंद ठेवावं लागे. तेवढ्यापुरते कुणाचे तरी डोळे हवे होते.

“मी आहे ना!” गुरुजी म्हणाले होते. भूकंपात लताची आई गेली आणि पाच वर्षांच्या लताची नजर. तेव्हापासून तेवीस वर्षं गुरुजी रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवत. त्यांच्यापुढे वाचण्याच्या बाबतीत बोलायची कुणाची टाप होती!

दयानंद लातूरच्या कोचिंग क्लासेसचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यातल्याच एका क्लासमध्ये लता पालकांचे फोन घ्यायची. त्याने तिला एकदा विचारलं होतं, “ताई, कॉम्प्युटर बोलतो की. मग ठिपके कशाला?”

“बोलतो तो कॉम्प्युटर. वाचायचंय मला,” ती म्हणाली होती.

शनिवारी लताने त्याला घरीच बोलावलं. त्याने पडद्याकडे बघितलं आणि त्याचं डोकंच फिरलं. लाल चौकटीत, अंगठ्याएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, ‘यंत्राची वायर आधी काढा, मगच पुढे जा.’ वायर तर जोडलेलीच. तिच्यावर हळदकुंकू. यंत्र आलं त्याच दिवशी गुरुजींनी मुहूर्त बघून, नारळ फोडून ती जोडली होती. ‘सक्सेसफुल’ कुठेच नव्हतं. शेवटी तसं येईल, हे दयानंदनेच पहिल्या फोनवर सांगून ठेवलं होतं.

“गुरुजी, हे एवढं मोठं...” तो चिडून म्हणाला.

लताने चाचपडत त्याचा दंड धरला आणि जोरात दाबला. “वायरच खराब हाय न्हवं, भाऊ?”

दयानंदने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी पडद्याकडेच बघत होते, पण वीतभर बाजूला.

“हाव,” तो हळूच म्हणाला. “वायरच.”

“तरीच! माझ्या वाचण्यात चूक होणार नाही,” गुरुजींनी निःश्वास टाकला. मग ते भिंतीला हात लावत चहा टाकायला आत गेले.

“काचबिंदू हाय,” लता कुजबुजली. “दवाखान्याचा फोन मीच घेतला होता. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणले. मला म्हाईत हाय, हे त्यांना म्हाईत न्हाई.”

“मग रोजचा पेपर?”

“मनानंच. वर्ष झालं, भाऊ. त्यांच्या पेपरात एकबी अपघात न्हाई. कुणी मरत न्हाई. धरण तर तीनदा भरलं. हितं नळाला महिना झाला, पाणी न्हाई.” ती हसली. “कॉम्प्युटरचा आवाज त्यांना सोसत न्हाई. माझा चालंल.”

दयानंदला स्वतःच्या चिडण्याची लाज वाटली. त्याने वायर काढली, ड्रायव्हर टाकला, वायर पुन्हा जोडली. लताच्या बोटांखाली ठिपके भराभर वर आले. तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

गुरुजी चहा घेऊन आले. अर्धा बशीत सांडला होता.

“अण्णा, लई वर्षं वाचलं तुम्ही. आजपासून पेपर मी वाचते. तुम्ही आयकायचं.”

गुरुजी जरा घुटमळले. मग खुर्चीत बसले आणि पाय लांब केले.

लताने कॉम्प्युटरवर आजचा पेपर उघडला. पहिलीच बातमी बोटांखाली आली. ट्रकची जीपला धडक, चार ठार, दोन लहान मुलं. तिची बोटं थांबली.

“काय म्हणतोय पेपर?” गुरुजींनी विचारलं.

“धरण भरलं म्हणतोय, अण्णा. काठोकाठ.”

“मग!” गुरुजींनी खुशीत मांडीवर थाप मारली. “मी कालच वाचून दाखवलं होतं की तुला!”