बसलेला आवाज

बायको कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मुख्य कोच होती. दिवसभर कोर्टवर ओरडून घरी यायची तेव्हा आवाज पार बसलेला असायचा. जेवताना आम्ही खुणांनीच बोलायचो. "आवाज मुलींना, मला नुसते हातवारे," असं मी चिडवलं की हसायची, तेही आवाज न करता.

ती गेल्यावर तिचं कॉलेजमधलं कपाट रिकामं करायला गेलो. बुटांचं खोकं वाकून उचललं, तोच मागून संघाची कॅप्टन कडाडली, "कंबर नको, गुडघे वाकव! किती वेळा सांगायचं गं तुला?"

मग तिने जीभ चावली. "सॉरी काका! मॅडम अश्शाच ओरडायच्या. तोंडात बसलंय."

"असू दे," म्हणालो. खोकं खाली ठेवलं आणि गुडघे ताठ ठेवून पुन्हा वाकलो.