पाळण्यातलं नाव

तंत्रज्ञ बाईंनी कस्तुरीच्या कानामागे चकती डकवली. तान्हेपणी ऐकलेलं मेंदू विसरत नाही, फक्त ते बाहेर काढायला यंत्र लागतं. दत्तक गेलेली माणसं आता याच खोलीत आपलं पहिलं घर शोधायला येत.

"बाराव्या दिवशीचा आवाज मिळालाय," बाई म्हणाल्या. "बारसंच दिसतंय."

पाळण्याच्या कड्या करकरल्या. बायका म्हणत होत्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." मग अगदी कानाशी एक घोगरा आवाज आला, "कुर्रर्र! माझी बाय ती, तुझं नाव रेवती."

"कानात नाव सांगणारी म्हणजे तुमची सख्खी आत्या!" बाई हरखल्या. "मोठा धागा सापडला की!"

'माझी बाय ती, लागू दे तुझा शोध,' असं विजूआत्या कालच कस्तुरीला फोनवर म्हणाली होती, याच घोगऱ्या आवाजात.

तेवढ्यात यंत्रातून एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "विजूताई, हळू. शेजारी ऐकतील."

आत्याला विजूताई म्हणणारे बाबा बाहेर बाकावर बसले होते. दीड वर्षाच्या कस्तुरीला आश्रमातून आणलं, तिथले कागद जळाले, असं त्यांनीच सांगितलं होतं. तरी सहा वर्षं ते तिच्यासोबत गावोगावच्या आश्रमांच्या पायऱ्या झिजवत होते.

"लागला का गं काही पत्ता?"

"लागला. आत्याला फोन लावा, बाबा. रेवतीची आई कुठे आहे, ते मी तिलाच विचारते. तुम्हाला विचारलं तर तुम्ही पुन्हा माझ्याबरोबर शोधायला निघाल."