तिसरा पाय

"हा पार जमिनीला टेकतो, काका." दुकानदाराने ट्रायपॉडचे पाय बेडकासारखे फाकवले. "मुंगीच्या फोटोला हाच."

"मुंगीपर्यंत कॅमेरा पोचेल. मला परत कोण उठवणार?"

काकू शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेली काठी काकांनी माळ्यावर टाकली होती. काठी म्हातारे वापरतात, असं त्यांचं म्हणणं. परिणामी परवा बागेत कोळ्याचा फोटो काढायला खाली बसलेले काका, माळी येईपर्यंत कोळ्याच्याच सोबतीला होते.

"ह्याचा एक पाय सुटा होतो," दुकानदार म्हणाला. "त्यावर कॅमेरा लावून नुसता टेकवायचा."

काकूंनी तो पाय काढून काकांच्या हातात दिला. काकांनी तो टेकवत दुकानात दोन फेऱ्या मारल्या. "पकड चांगली आहे," ते म्हणाले.

"हाच बांधा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी शेजारचे करंदीकर भेटले. "घेतलीत एकदाची काठी!"

"काठी नाही, ट्रायपॉड आहे."

करंदीकरांनी वाकून बघितलं. "मग बाकीचे दोन पाय कुठायत?"

काकांनी लेंग्याकडे बोट दाखवलं. "हे काय. जुनेच चालवतोय."